दोन पाचरींवर उभे राहिलेले प्रथिन

इन्शुलिनपासून करोनाच्या लसीपर्यंत आजची अनेक औषधे आणि लसी ही मुळात प्रथिने आहेत. ती रसायनांच्या मिश्रणातून नव्हे, तर जिवंत पेशींकडून बनवून घेतली जातात. पेशीला हव्या त्या प्रथिनाचे जनुक दिले की ती ते प्रथिन तयार करू लागते, हे तत्त्व ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात दोन अडचणी हमखास उभ्या राहतात. प्रथिन पुरेशा प्रमाणात तयार होत नाही आणि जे तयार होते ते टिकत नाही. या अडचणी वेगवेगळ्या भासल्या, तरी पुष्कळदा त्यांचे मूळ एकच असते. करोना विषाणूच्या स्पाइक प्रथिनाची कथा हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

घडीचे महत्त्व

प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. मात्र सरळ माळेचा काहीच उपयोग नसतो. ती ठरावीक पद्धतीने दुमडली गेली, तिची नेमकी घडी पडली, तरच प्रथिन काम करते. पेशीबाहेर पाठवायच्या प्रथिनांची घडी पेशीतील एका स्वतंत्र विभागात पडते आणि तेथेच त्यांची कसून तपासणी होते. घडी विस्कटलेली प्रथिने पुढे सोडली जात नाहीत. त्यांचे तुकडे करून अमिनो आम्ले पुन्हा वापरली जातात. त्यामुळे डळमळीत प्रथिनाचे जनुक पेशीत कितीही भरले, तरी हाती फारसे काही लागत नाही. उलट, घडी पक्की केली की तीच पेशी अधिक माल बाहेर पाठवते. स्थैर्य वाढविणे हा उत्पादन वाढविण्याचाच एक मार्ग ठरतो तो असा.

एका फसलेल्या लसीचा धडा

घडी चुकल्याची किंमत केवळ कारखान्यालाच मोजावी लागते असे नाही. तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांना ग्रासणाऱ्या आरएसव्ही या विषाणूवरील लसीची चाचणी अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झाली. फॉर्मलीनने निष्क्रिय केलेला विषाणू त्या लसीत होता. पुढे संसर्गाची लाट आली तेव्हा लस घेतलेली बाळे सुरक्षित राहण्याऐवजी अधिक गंभीर आजारी पडली. एका चाचणीत, लस घेऊनही संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे ८० टक्के बाळांना रुग्णालयात दाखल करावे लागले. दोन बाळे दगावली.

यामागे एकाहून अधिक कारणे होती. त्यांतील एक महत्त्वाचे कारण पुढे अनेक वर्षांनी उलगडले. विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन ताणलेल्या स्प्रिंगसारखे असते. पेशीत शिरताना ते झटक्यात आकार बदलते. प्रभावी प्रतिपिंडे तयार व्हायची असतील, तर शरीराला या प्रथिनाचा आधीचा, ताणलेला आकार दिसला पाहिजे. जुन्या लसीत मात्र प्रथिन प्रामुख्याने उलटून गेलेल्या आकारात होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आधीच्या आकाराची रचना उजेडात आणली. प्रथिनातील पोकळ्या मोठ्या अमिनो आम्लांनी भरून आणि दोन भाग गंधकाच्या बंधाने एकमेकांना जखडून त्यांनी तो आकार स्थिरही केला.

प्रोलीनची पाचर

हीच युक्ती करोना कुळातील विषाणूंना लागू करताना वेगळे हत्यार हाती आले. त्याचे नाव प्रोलीन. इतर अमिनो आम्लांचा कणा बऱ्यापैकी लवचिक असतो. प्रोलीनचा कणा मात्र स्वतःच्याच कड्यात अडकलेला असतो. अमिनो आम्लांची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या नाही, हे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये गणिताने दाखवून दिले होते. ‘रामचंद्रन आलेख’ या नावाने ते आजही जगभर शिकविले जाते. या आलेखात प्रोलीनच्या वाट्याला फार थोडी जागा येते.

स्पाइक प्रथिन आकार बदलते तेव्हा त्यातील एक वळण सरळ होऊन लांबलचक पिळाचा भाग बनते. नेमक्या त्या वळणावर प्रोलीन बसविले, तर पिळ तयारच होत नाही. कुदळीचा दांडा हलू नये म्हणून पाचर ठोकतात, तसाच हा प्रकार. मर्स या आजाराच्या विषाणूवर ही पद्धत यशस्वी झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रथिन स्थिर तर झालेच, पण पेशींतून ते पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक मिळू लागले.

म्हणूनच १० जानेवारी २०२० रोजी नव्या करोना विषाणूची जनुकीय माहिती जाहीर झाली तेव्हा संशोधकांना शून्यातून सुरुवात करावी लागली नाही. स्पाइकच्या १२७३ अमिनो आम्लांपैकी ९८६ आणि ९८७ या क्रमांकांच्या जागी प्रोलीन बसवायचे, हे आधीच्या कामातून ठरल्यासारखेच होते. मॉडर्नाच्या लसीची पहिली चाचणीमात्रा १६ मार्च २०२० रोजी दिली गेली. फायझर-बायोएनटेक, जॉन्सन अँड जॉन्सन आणि नोव्हावॅक्स यांच्या लसींतही हीच दोन प्रोलीन होती.

दोनवरून सहा

टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील प्रयोगशाळेत मॅक्लेलन यांच्या गटाने पुढची पायरी गाठली. स्पाइकमधील १०० निरनिराळे बदल तपासून त्यांनी एकूण सहा प्रोलीन असलेले ‘हेक्साप्रो’ हे रूप २०२० मध्ये मांडले. आधीच्या रूपाच्या तुलनेत ते पेशींतून सुमारे १० पट अधिक मिळाले. ते ५५ अंश सेल्सिअसला अर्धा तास, तसेच साध्या खोलीच्या तापमानात दोन दिवस शाबूत राहिले. कोंबडीच्या अंड्यांत लस वाढविण्याच्या जुन्या आणि स्वस्त पद्धतीशी त्याची सांगड घालून थायलंड, व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये मानवी चाचण्याही झाल्या. तेवढ्याच पेशींतून दहापट प्रथिन म्हणजे अधिक मात्रा आणि कमी खर्च. गरीब देशांच्या दृष्टीने यातील आकडेमोड महत्त्वाची आहे.

पेशी कोणाची?

प्रथिन कोणत्या पेशीत वाढवायचे, हा निर्णयही तितकाच कळीचा असतो. जिवाणू झपाट्याने वाढतात आणि स्वस्त पडतात. मानवी इन्शुलिन १९८२ पासून त्यांच्याकडूनच बनवून घेतले जात आहे. परंतु स्पाइकसारख्या प्रथिनावर साखरेच्या रेणूंची जी झूल असते, ती नेहमीच्या जिवाणूंना चढविता येत नाही. त्यासाठी चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या किंवा कीटकांच्या पेशी वापरतात. नोव्हावॅक्सची लस पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने ‘कोव्होव्हॅक्स’ नावाने तयार केली आणि भारतात तिला डिसेंबर २०२१ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. तिच्यातील स्पाइक ज्या पेशींत वाढविले गेले, त्यांचे मूळ अमेरिकन लष्करी अळीत आहे. २०१८ पासून भारतातील मका उत्पादकांची झोप उडविणारी हीच ती अळी.

एमआरएनए लसींत तर कारखाना आपल्याच शरीरातील पेशी असतात. तेथे एमआरएनएमधील युरिडीन या घटकाचे रूप बदलून प्रथिननिर्मिती वाढविली जाते. कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना त्यासंबंधीच्या संशोधनासाठी २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मर्यादा आणि फलित

पाचर ठोकली म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे नव्हे. भारतात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या कोव्हिशील्डमध्ये ही दोन प्रोलीन नव्हती, तरीही तिने गंभीर आजारापासून संरक्षण दिले. शिवाय स्थिर केलेले प्रथिनही विषाणूचे रूप बदलले की जुने पडते. प्रत्येक प्रथिनात पाचरीची जागा नव्याने शोधावी लागते, ती वेगळीच.

तरीही या संशोधनाचे मोल आरएसव्हीच्या उदाहरणातून स्पष्ट होते. स्थिर केलेल्या प्रथिनावर आधारित पहिल्या लसीला अमेरिकेत मे २०२३ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी मंजुरी मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरी एक लस गर्भवती महिलांसाठी मंजूर झाली. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात आणि जन्मानंतरचे पहिले सहा महिने बाळाचे रक्षण करतात. १९६६ मध्ये ज्या वयाच्या बाळांसाठी केलेला प्रयत्न उलटला होता, त्याच वयाच्या बाळांपर्यंत हे संरक्षण पोहोचण्यास ५७ वर्षे लागली.