स्वालबार्ड : कोळशाचे निमित्त आणि बर्फाचा हिशेब

आर्क्टिक म्हटलं की मराठी माणसाला पहिली आठवण होते ती लोकमान्य टिळकांची. 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. वेदकाळच्या आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते, हा त्यातला सिद्धान्त आजचे संशोधक मान्य करत नाहीत, आणि आपला आजचा विषयही तो नाही. पण ग्रंथकर्त्याला पुढे पंधरा-सोळा वर्षांनी जो अनुभव आला, त्यातून आजच्या विषयात शिरायला चांगली वाट सापडते.

डिसेंबर १९१८ मध्ये काँग्रेसच्या दिल्ली अधिवेशनाने पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी निवडले. त्यांत टिळक होते. ते तेव्हा लंडनमध्येच होते, म्हणजे पॅरिस हाकेच्या अंतरावर. पण त्यांना जाऊ दिलं नाही. परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र पाठवण्यावर समाधान मानावं लागलं. भारताच्या खुर्चीवर बसली ती सरकारने नेमलेली माणसं. आणि गंमत बघा, त्याच पॅरिसमध्ये ९ फेब्रुवारी १९२० रोजी उत्तर ध्रुवाजवळच्या एका द्वीपसमूहाविषयी करार झाला. त्यावर भारताच्या नावाने सही आहे. ती केली पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डर्बी यांनी. आर्क्टिकवर ग्रंथ लिहिणारा माणूस तेव्हा हयात होता. त्याला कोणी विचारलं नाही, आणि इथल्या तीस-बत्तीस कोटी लोकांनाही नाही.

तो द्वीपसमूह म्हणजे स्वालबार्ड. करारात त्याचं नाव स्पिट्सबर्गन असं आहे. नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर, क्षेत्रफळ सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा. त्यातली निम्म्याहून अधिक जमीन हिमनद्यांखाली. आर्क्टिकचं हवामान, तिथलं राजकारण आणि तिथला विकास हे तिन्ही धागे एकाच गाठीत कसे बांधले गेलेत, हे बघायचं तर यापेक्षा चांगली जागा नाही. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगितली पाहिजे. आर्क्टिकच्या इतर भागांत इनुइट, सामी असे मूळ लोक शतकानुशतके राहत आलेत. स्वालबार्डवर मूळ रहिवासी नव्हतेच. त्यामुळे इथला इतिहास हा सगळा बाहेरून आलेल्यांचा इतिहास आहे.

१५९६ साली विलेम बारेन्ट्स हा डच नावाडी पूर्वेकडे जाण्याचा उत्तरेकडचा मार्ग शोधत निघाला. आशियाचा माल पोर्तुगीजांच्या वाटेने न जाता आणायचा होता. मार्ग सापडला नाही, ही बेटं सापडली. मागोमाग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला देवमाशांची शिकार करणारी जहाजं आली. देवमाशाच्या चरबीचं तेल युरोपात दिव्यांना आणि साबणाला लागायचं. डचांनी चरबी कढवायला किनाऱ्यावर जी वसाहत केली तिचं नाव स्मेरेनबर्ग, मराठीत सांगायचं तर चरबीगाव. इंग्रज म्हणत, इथला हक्क आमचा. डच म्हणत, समुद्र सगळ्यांचा. भांडण चालू राहिलं आणि देवमासे संपत गेले. आधी फ्योर्डांतून, मग खुल्या समुद्रातून. देवमाशांबरोबर वसाहतीही गेल्या. आर्क्टिकमधल्या विकासाचा हा पहिला धडा. माल असेपर्यंत माणसं, माल संपला की ओसाड किनारा.

दुसरा अध्याय कोळशाचा. १९०१ साली जॉन मन्रो लाँगयिअर नावाचा अमेरिकन उद्योजक कुटुंबासह जहाजाने इथे सहलीला आला होता. म्हणजे आज ज्या पर्यटनाला आपण नवं समजतो, ते तिथल्या मोठ्या खाणींच्या आधीचं आहे! त्याला डोंगरात कोळसा दिसला. १९०६ साली त्याच्या आर्क्टिक कोल कंपनीने खाण सुरू केली आणि गाव वसवलं. तेच आजचं लाँगयिअरब्येन. १९१६ साली नॉर्वेजियन भांडवलदारांनी ते विकत घेतलं आणि 'स्टुरे नोर्स्के' ही कंपनी उभी राहिली.

तोवर या भूमीचा मालकच कोणी नव्हता. खाण आहे, मजूर आहेत, संप होताहेत, पण पोलीस कोणाचा, कोर्ट कोणाचं? हा घोळ मिटवायला १९२० चा करार झाला. त्यातली तडजोड मोठी हुशारीची आहे. सार्वभौमत्व नॉर्वेचं, पण शिकार, मासेमारी, खाणकाम आणि व्यापार यांत सही करणाऱ्या सगळ्या देशांच्या नागरिकांना समान हक्क. कर वसूल करायचा तो या बेटांपुरताच खर्च करायचा. नाविक तळ नको, तटबंदी नको, युद्धासाठी वापर नको. करार १९२५ साली अमलात आला. आज चाळीसहून अधिक देश त्यात आहेत, आणि परक्या सहीने का होईना, आपण मूळ यादीत आहोत. आजही तिथे राहायला व्हिसा लागत नाही. अर्थात विमान नॉर्वेवरून जातं, तेव्हा भारतीय माणसाला वाटेतला व्हिसा काही चुकत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या कोळशातून पैसा किती मिळाला? वर्षानुवर्षं फारसा नाहीच. पिरॅमिडेन ही वस्ती सोव्हिएत संघाने १९२७ साली स्वीडिश लोकांकडून घेतली, बारेंट्सबर्ग १९३२ साली डचांकडून. शीतयुद्धाच्या काळात नॉर्वे हा नेटोचा सदस्य देश, आणि त्याच्याच भूमीवर सोव्हिएत खाणी चालू, तिथे लेनिनचा पुतळा, शाळा, पोहण्याचा तलाव! सोव्हिएत खाण आहे म्हणून नॉर्वेला आपली खाण बंद करवेना, आणि नॉर्वे आहे म्हणून मॉस्कोलाही हलवेना. १९७० च्या दशकात नॉर्वे सरकारने स्टुरे नोर्स्के जवळजवळ पूर्ण ताब्यात घेतली. कोळसा हे निमित्त होतं. खरा हेतू होता आपली माणसं तिथे बारा महिने राहतील हे बघण्याचा. आपल्याकडे शेतात पीक येवो न येवो, पण बांधावर आपला माणूस दिसला पाहिजे, असं जुने लोक म्हणत. तसंच हे.

या निमित्ताची किंमत माणसांनी मोजली. नी-ऑलेसुंड या आणखी उत्तरेकडच्या गावी सरकारी मालकीची खाण होती. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी तिथे स्फोट होऊन २१ कामगार मेले. अपघात पहिला नव्हता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये या प्रश्नावरून नॉर्वेचं सरकार संसदेत पडलं. खाण कायमची बंद झाली. पण गाव सोडायचं नव्हतं, कारण गाव सोडणं म्हणजे जागा सोडणं. म्हणून खाणकामगारांच्या जागी शास्त्रज्ञ आले. आज तिथे दहा-अकरा देशांची संशोधन केंद्रं आहेत, आणि चीनच्या केंद्राच्या दारात दगडी सिंहांची जोडी आहे.

आपलं 'हिमाद्री' केंद्र याच गावात, १ जुलै २००८ पासून. इमारत गावाची मालकी असलेल्या नॉर्वेजियन सरकारी कंपनीची, आपण तिथे भाडेकरू. कारभार चालतो गोव्याहून, वास्को द गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. २०१४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या फ्योर्डच्या पाण्यात उपकरणांची साखळी सोडली. डिसेंबर २०२३ पासून भारतीय तुकड्या काळोख्या हिवाळ्यातही तिथे राहू लागल्या.

मग हे शास्त्रज्ञ काय मोजतात? १९७९ पासूनच्या नोंदी सांगतात की आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतो आहे. कारण समजायला सोपं आहे. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, काळं पाणी ते पिऊन घेतं. बर्फ हटला की पाणी तापतं, पाणी तापलं की आणखी बर्फ हटतो. सप्टेंबर २०१२ मध्ये समुद्रावरचं बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसलं, उपग्रह नोंदींतला तो नीचांक. स्वालबार्ड तर आर्क्टिकच्या सरासरीच्याही पुढे आहे. जुलै २०२० मध्ये लाँगयिअरब्येनचा पारा २१.७ अंशांवर गेला. आपल्याला ती महाबळेश्वरची हवा वाटेल, पण तिथली घरं पर्माफ्रॉस्टवर म्हणजे बारमाही गोठलेल्या जमिनीवर खुंट ठोकून उभी आहेत. जमीन सुटली की घर सुटतं. १९ डिसेंबर २०१५ रोजी डोंगरावरून बर्फाचा कडा वस्तीवर कोसळला, दोन जीव गेले आणि अकरा घरं उद्ध्वस्त झाली. नंतर धोक्याच्या पट्ट्यातली कितीतरी घरं पाडावी लागली.

आणि ते बियाण्यांचं पेव! आपल्याकडे धान्य जमिनीखाली पेवात ठेवत, तसं २००८ साली तिथल्या डोंगराच्या पोटात जगभरच्या बियाण्यांचं पेव बांधलं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा यांचे वाण तिथे ठेवलेत. गोठलेली जमीन कायम गोठलेलीच राहील, हे त्यामागचं गृहीत. २०१६ च्या शरद ऋतूत बोगद्याच्या तोंडाशी पाणी शिरलं. बियाण्यांना धक्का लागला नाही, पण गृहीताला लागला. बोगदा नव्याने बांधून घ्यावा लागला.

कोळशाचं काय झालं? २०१४ साली नवी खाण उघडली आणि लगेच भाव पडले. २०१७ साली ती कायमची बंद करायचं ठरलं. गावचं वीजकेंद्र २०२३ साली कोळशावरून डिझेलवर आलं. शेवटची नॉर्वेजियन खाण, सात नंबरची, २०२३ मध्येच बंद व्हायची होती, पण युक्रेन युद्धाने युरोपात इंधनाची टंचाई झाली आणि तिला २०२५ पर्यंत मुदतवाढ मिळाली. ज्या जळणाने बर्फ वितळतं, तेच जळण वितळत्या जमिनीखालून शेवटपर्यंत निघत राहिलं. या कोळशाच्या थरांतच त्या प्रदेशाची एक जुनी नोंद आहे. काही कोटी वर्षांपूर्वी तिथे दाट जंगल होतं, त्याचाच हा कोळसा. म्हणजे आर्क्टिक उबदार होऊ शकतं, याचा पुरावा खाणकामगार रोज हातात घेत होते. फरक वेगाचा आहे. निसर्गाने जे लाखो वर्षांत केलं ते आपण दीडशे वर्षांत करतो आहोत.

आता आपल्याकडे येऊ. १९९६ साली आठ देशांनी आर्क्टिक परिषद स्थापन केली. मूळ लोकांच्या संघटनांना तिथे कायम आसन आहे. भारत २०१३ पासून निरीक्षक आहे. मार्च २०२२ च्या सुरुवातीला युक्रेनवरच्या आक्रमणामुळे सात देशांनी रशियाच्या अध्यक्षतेखालच्या कामातून अंग काढून घेतलं. बरोबर दोन आठवड्यांनी, १७ मार्चला, भारताने आपलं आर्क्टिक धोरण जाहीर केलं. त्याचे सहा खांब आहेत. विज्ञान आहे, हवामान आणि पर्यावरण आहे, आणि आर्थिक विकास व दळणवळणही आहे.

हे खांब एकमेकांना धरून उभे राहतील का, हा खरा प्रश्न. ग्रीनलंडचं बर्फ वितळलं की तिथल्या किनाऱ्याजवळचं पाणी उलट उतरतं, कारण बर्फाच्या प्रचंड वस्तुमानाचं आकर्षण कमी होतं. ते पाणी चढतं दूरच्या किनाऱ्यांवर, त्यांत आपली कोकणपट्टीही आली. गोव्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली कारा समुद्रातलं घटतं बर्फ आणि मध्य भारतातला सप्टेंबरातला अतिवृष्टीचा पाऊस यांत संबंध असू शकतो, असं मांडलं. शक्यता म्हणूनच मांडलं, आपणही तेवढंच धरू. पण सोयाबीन काढणीला आलेलं असताना उभा पाऊस म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या बाजूला, २०१६ साली भारतीय सरकारी कंपन्यांनी रशियातल्या वानकोर तेलप्रकल्पात मिळून जवळपास निम्मा हिस्सा घेतला. ते क्षेत्र आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे. म्हणजे बर्फ टिकावं ही आपली गरज, आणि बर्फाखालचं मिळावं ही आपली इच्छा.

यात आपण जगावेगळे नाही. स्वालबार्डवर आलेल्या प्रत्येकाची हीच ओढाताण होती. इतिहास एवढंच सांगतो की तिथे मांडलेला प्रत्येक विकास कोणाच्या तरी ताब्याचं निमित्त होता, आणि निमित्त बदलत गेलं. चरबी, कोळसा, आता विज्ञान आणि पर्यटन. पण विज्ञानात एक वेगळेपण आहे. देवमासा मारला की संपतो, कोळसा जाळला की संपतो. नोंद मात्र ठेवली की उरते आणि वाटून घेता येते. हिमाद्रीतून आलेली आकडेवारी कोकणातल्या बंदरखात्यापर्यंत, लातूरच्या शेतकऱ्यापर्यंत पोचली, तर ते केंद्र केवळ झेंडा रोवायची जागा राहणार नाही.

१९२० साली आपली सही दुसऱ्याने केली, तेव्हा आपल्याला विचारायची सोयच नव्हती. आज सही आपली आहे. तिथे कशासाठी आहोत, तेलासाठी की बर्फासाठी, हे विचारण्याचा हक्कही आता आपलाच आहे. तो आपण वापरूया.