कार्थेजचे ‘पतित’ आणि क्षमेचा प्रश्न

रोमन सम्राट डिसियस याने इ. स. २४९ च्या अखेरीस किंवा पुढील वर्षाच्या आरंभी प्रजाजनांनी देवतांना बली अर्पण करावा, अशी आज्ञा काढली. बली दिल्याचा साक्षांकित दाखला अधिकाऱ्यांकडून मिळे. असे चाळीसांहून अधिक दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीत असंख्य ख्रिस्ती लोकांनी या आज्ञेपुढे मान तुकविली. कोणी बली दिला, कोणी केवळ धूप जाळला, कोणी पैसे चारून नुसता दाखला मिळविला. या सर्वांस ‘लाप्सी’, म्हणजे पतित, ही संज्ञा प्राप्त झाली.

छळाचा जोर ओसरण्यापूर्वीच यांतील अनेकजण मंडळीत परतू इच्छीत होते. त्यांना क्षमा कोणी करावयाची? तुरुंगात यातना भोगलेले धर्मनिष्ठ त्यांना शिफारसपत्रे देत. काही पत्रांत तर ‘अमुक इसम व त्याची माणसे’ एवढाच मोघम उल्लेख असे. बिशप सिप्रियन याने या सवंग क्षमेस विरोध केला. परंतु छळ सुरू होताच तो स्वतः नगर सोडून अज्ञातवासात गेला होता. लपलेल्याने पडलेल्यांचा न्याय करावा, हे अनेकांस रुचले नाही. आणि त्यात नवल ते कोणते?

इ. स. २५१ मध्ये कार्थेज येथे बिशपांची सभा भरली. नुसता दाखला घेतलेल्यांना प्रत्येकाची चौकशी करून परत घ्यावे, प्रत्यक्ष बली दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे व त्यांना मृत्युसमयी तरी क्षमा मिळावी, असे ठरले. रोममध्ये नोव्हेशियन याने मात्र, पतितांना क्षमा करण्याचा अधिकार मंडळीस नाहीच, अशी भूमिका घेतली व वेगळा पंथ स्थापिला.

सिप्रियनच्या पत्रसंग्रहातील व्यक्तींचे वृत्तान्त या ठरावांहून अधिक बोलके आहेत. बोना नावाच्या स्त्रीला तिच्या पतीने बळजबरीने नेले आणि हात धरून तिच्याकडून बली देवविला. हे कृत्य आपले नव्हे, तुमचे आहे, असे तिने तेथेच ओरडून सांगितले. त्याबद्दल तिला हद्दपारी भोगावी लागली. फेलिक्स व त्याची पत्नी व्हिक्टोरिया प्रथम ढळली होती. पुन्हा चौकशी होताच दोघांनी श्रद्धा जाहीर केली आणि मालमत्ता गमावली. नायनस, क्लेमेन्शियनस व फ्लोरस हे तिघे स्थानिक अधिकाऱ्यापुढे अढळ राहिले, पण प्रांताधिपतीच्या दीर्घ यातनांपुढे शरीराने हार खाल्ली. तीन वर्षे ते पश्चात्ताप करीत होते. त्यांना आता स्वीकारावे, असे सिप्रियनने स्पष्ट लिहिले. आरंभीची त्याची कठोरता येथे पुष्कळ निवळलेली दिसते.

गॅलस सम्राटाच्या काळात, इ. स. २५३ च्या सुमारास, नव्या छळाची चिन्हे दिसू लागली. तेव्हा प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांना तत्काळ क्षमा देण्याचे आफ्रिकेतील बिशपांनी ठरविले. मंडळीने ज्यांना प्रभुभोजनाचा प्याला नाकारला, त्यांनीच ख्रिस्तासाठी रक्त सांडावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची, असा त्यांचा युक्तिवाद होता.

व्हॅलेरियनच्या अमदानीत सिप्रियनवरही पाळी आली. आपल्याला युटिका येथे नेणार, हे कळताच तो पुन्हा लपला; या वेळी हेतू एवढाच, की मरण आपल्या नगरीत, आपल्या लोकांसमोर यावे. दि. १४ सप्टेंबर २५८ रोजी कार्थेज येथे त्याचा शिरच्छेद झाला.