गाडीला बसलेला पीळ

'टॉर्क बाइंड' हे नाव ऐकायला पक्के साहेबी. चारही चाकांना जोर पुरवणारी आणि आपले गिअर आपणच बदलणारी मोटार आखूड वळण घेताना थरथरते, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी कण्हत, धक्के खात पुढे सरकते; त्या दुखण्याचे हे नाव. ते विशेष कानावर येते सुबारूच्या जुन्या, चार गिअरांच्या ऑटोमॅटिक गाड्यांबाबत. पण नाव सोलून पाहावे, तर त्यातले दोन्ही शब्द आपल्याच भाऊबंदांपैकी निघतात.

'बाइंड'चे नाते तर लगेच ओळखू येते. इंग्रजी बाइंड, जर्मन बिंडेन, अवेस्तातला बंद् आणि संस्कृत बन्ध् ही सख्खी भावंडे. गंमत अशी की मूळ धातूच्या आरंभी 'ब' नसून 'भ' असावा. एका धातूत दोन महाप्राण संस्कृतला सोसत नाहीत. म्हणून पहिल्याचा श्वास काढून घेतला गेला आणि 'बन्ध्' उरला. हा नियम जर्मन पंडित हेर्मान ग्रासमान यांनी १८६३ मध्ये मांडला. पण भविष्यकाळात शेवटच्या 'ध्'चा 'त्' होतो, आणि तिथे सुटलेला श्वास धावत आपल्या जुन्या जागी येतो: 'भन्त्स्यति', म्हणजे 'तो बांधील'. पाणिनीने या पुनरागमनाची सोय सूत्रात आधीच करून ठेवली होती, हे वेगळे सांगायला नको.

याच कुळाची फारसी शाखा आपल्याकडे वाजतगाजत आली. फारसी 'बस्तन' म्हणजे बांधणे. त्याचे वर्तमानकाळी अंग 'बंद', भूतकाळी 'बस्त'. दोन्हींची मोट म्हणजे 'बंदोबस्त', एकच धातू दोनदा! बंदा, बंदी, नालबंद, पायबंद ही पुढची पिलावळ. तिच्यात मला सर्वांत लाडका 'जेरबंद'. आज वर्तमानपत्रांत बिबट्या जेरबंद होतो, पण मूळ जेरबंद हा घोड्याच्या साजातला पट्टा. घोड्याने मान फार वर उडवू नये म्हणून खालून ओढून बांधलेला. 'जेर' म्हणजे खाली, आणि हा 'जेर' संस्कृत 'अधर'चा इराणी नातलग. कवींच्या अधरावर अमृत आणि शत्रू जेरीस, ही किमया एकाच खालच्या बाजूची. ('बंदूक' मात्र या घरात घुसलेली परकी: ती अरबी 'बुंदुक', म्हणजे हेझलनट या फळावरून आली, आणि फळाचे नाव ग्रीकांच्या पाँटस प्रांतावरून पडलेले दिसते.)

आता 'टॉर्क'. लॅटिन 'टॉर्क्वेरे' म्हणजे पिळणे, मुरडणे. त्याच धातूचे संस्कृत अपत्य 'तर्कु', सूत कातण्याची चाती. हिंदीतला तकला, तकली आणि आपली टकळी याच तर्कूच्या वंशातल्या असाव्यात. रकाराच्या शेजाराने 'त'चा 'ट' होणे आपल्याकडे नवे नाही. तोंडाची टकळी अखंड चालू ठेवणाऱ्यांना आपण टॉर्कचे सोयरे आहोत याची कल्पना नसावी. काही पंडित 'तर्क' हा शब्दही इथेच आणून बांधतात. विचार उलटसुलट फिरवून धागा काढायचा, म्हणजे तर्कही कातणेच. अर्थ जुळतो खरा, पण नुसता अर्थ जुळला म्हणून नाते लावण्याची मला थोडी धास्ती वाटते.

तर 'टॉर्क बाइंड'चे शब्दशः संस्कृत भावंड झाले 'तर्कु-बंध'. आणि गाडीच्या पोटात घडते तेही चातीवरच्या सुतासारखेच. वळणावर पुढची चाके मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान वर्तुळावरून. बैलगाडीत ही अडचण नाही. तिची चाके आसावर सुटी फिरतात आणि ज्याचे त्याने आपले अंतर कापावे. (हा 'आस' म्हणजे संस्कृत अक्ष, आणि इंग्रजी ॲक्सल त्याचा भाऊ.) पण जिथे इंजिन पुढच्या-मागच्या दोन्ही आसांना एकाच वेळी फिरवते, तिथे दोघांत थोडी ढील हवी. या गाड्यांत ती देतो गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला तेलात बुडालेला क्लच प्लेटींचा थर. तेलाचा दाब वाढला की प्लेटी एकमेकींना धरतात, उतरला की घसरू देतात. दाब किती ठेवायचा ते एक सोलेनॉइड ठरवतो. (सोलेनॉइड हे बारसे अँपिअरचे, ग्रीक 'सोलेन' म्हणजे नळी यावरून.) त्याची वीज गेली की दाब पुरा चढतो आणि प्लेटी घट्ट बसतात, बर्फात ऐन वेळी मागची चाके पांगळी होऊ नयेत हा रचनाकारांचा हेतू असावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र मग पुढचा आस पळू पाहतो, मागचा ओढून धरतो, आणि मधल्या दांड्यात पीळ साठत जातो. टायर जरा घसरला की तो पीळ धक्क्याने सुटतो, पुन्हा भरतो. चिखलात किंवा बर्फात टायर आपोआप घसरतात, म्हणून तिथे रोग लपून राहतो.

'सुबारू' हा शब्दही इथे सोडवत नाही. जपानीत तो कृत्तिका नक्षत्राचे नाव, आणि त्यामागचे क्रियापद एकत्र येण्याचे, गोळा होण्याचे दिसते. १९५३ मध्ये पाच कंपन्यांच्या एकत्रीकरणातून सुबारू बनवणारी फुजी हेवी इंडस्ट्रीज उभी राहिली. म्हणून बोधचिन्हात एक मोठा तारा आणि पाच लहान. आपल्याकडेही कृत्तिका सहाच, आणि त्यांचे दूध पिण्यासाठी कार्तिकेयाला तोंडेही सहा.

आपल्या गॅरेजांत अशा अडकण्याला सरसकट 'जाम' म्हणतात. तो इंग्रजी जॅम. फारसी प्याल्याच्या जामशी त्याचा संबंध नाही. पण जाम म्हणजे पूर्ण ठप्प. 'चक्का जाम'मध्ये चक्का फिरतच नाही (चक्र आणि व्हील हेही एकाच मुळाचे, हे जाता जाता). इथे तर चाके फिरतात, एकमेकांशी भांडत फिरतात. 'जखडणे' जास्त जवळचे. हिंदीत जकडना, गुजरातीत जकडवुं, आपल्याकडे ककाराचा खकार. शब्द देशी असावा. अंग जखडले तरी माणूस कण्हत का होईना हलतो, तशीच ही गाडी. पण जखडण्यात दोर दिसतो, मुरड दिसत नाही.

माझे मत 'पीळ' या शब्दाला. पिळणे हे संस्कृत पीड् पासून, म्हणजे दाबणे. ड चा ळ झाला. दाबण्यातून मुरडणे कसे निघाले? ओल्या धुण्याकडे पाहावे: पाणी दाबून काढायचे तर कपडा मुरडावाच लागतो. तिथेच अर्थ वळला असावा. पीडा तीच, पिळवणूक तीच, पीळदार दंड आणि पीळदार मिशाही त्याच. यंत्राच्या दुखण्याला याहून नेमका शब्द शोधून मिळणार नाही: प्लेटींवर दाब आणि दांड्याला मुरड, दोन्ही अर्थ एकाच शब्दात.

निदानाची भाषाही मग सोपी होते. आधी पाहावे पीळ बाहेरून येतो का. चारांपैकी एकच टायर नवा घातला असेल, तर घेर जुळत नाहीत. घेरातला फरक पाव इंचाच्या, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरच्या आत हवा. मग बॉनेटखालच्या फ्यूजपेटीत 'एफडब्ल्यूडी' लिहिलेली रिकामी खाच असते, तिच्यात फ्यूज बसवावा. सोलेनॉइडला सतत वीज मिळते, प्लेटी सैल होतात, गाडी पुढच्याच चाकांवर चालते. थरथर थांबली तर सोलेनॉइड आणि प्लेटी हुकूम पाळतात, दोष हुकूम देणाऱ्यांत किंवा टायरांत. थांबली नाही तर सोलेनॉइड मेला आहे किंवा प्लेटी चिकटल्या आहेत. जळके, काळे तेल दोन-तीनदा बदलून काही गाड्यांचा पीळ सुटतो. पण ज्या ड्रममध्ये प्लेटींचे दात सरकतात त्याच्या खाचांना चर पडले असतील, तर तेल कितीही बदला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तिथे मागचे घर उघडून सोलेनॉइड, प्लेटी आणि ड्रम बदलणे आले. सबंध गिअरबॉक्स खाली उतरवावा लागत नाही, एवढाच दिलासा.

बर्फाच्या मुलखात अशी गाडी बाळगणारी मराठी मंडळी घरात या दुखण्याला काय म्हणतात, किंवा सोलापूर-नागपूरकडच्या गॅरेजांत जीपच्या अशाच आखडण्याला जामव्यतिरिक्त एखादा शब्द आहे का, हे कोणाला ठाऊक असल्यास जरूर कळवावे. 'पीळ'पेक्षा सरस शब्द निघाला तर मी माझा मागे घेईन.