डेटा लॉगर म्हणजे काय? रिकाम्या खोलीतला दिवा पकडणारी डबी

कर्जत-खालापूरकडे पावसाळ्यात हे नेहमीचंच. दुपारी अंधारून येतं, वर्गातले दिवे लागतात. चार वाजता लाइट जाते. शाळा सुटते, पण बटणं चालूच राहतात. रात्री ९ ला लाइट येते आणि कुलूपबंद वर्गात सकाळी ७ पर्यंत दिवे जळतात. १८ वॅटच्या ८ ट्यूब, १० तास, म्हणजे एका रात्रीत जवळपास दीड युनिट. महिन्याच्या बिलात युनिट दिसतात, पण ते नेमके कधी जळले हे दिसत नाही. ते डेटा लॉगर सांगतो.

(खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. म्हणजे वीज इथेच तयार होते, आणि लाइटही इथेच जाते!)

काम कसं चालतं?

डबीत प्रकाशाचा सेन्सर, घड्याळ, मेमरी आणि बॅटरी असते. ती दिव्याजवळ लावायची, वायरिंगला हात लावायचा नाही. काही लॉगर फक्त दिवा लागल्याची आणि विझल्याची वेळ लिहितात, त्यामुळे मेमरी महिनोन्‌महिने पुरते. दर मिनिटाला लक्स मोजणारा लॉगर मात्र दिवसाला १,४४० नोंदी करतो.

पण दिवा चालू होता एवढ्यावरून तो वाया गेला असं म्हणता येत नाही. खोलीत कोणी होतं का, हेही कळायला हवं. त्यासाठी पीआयआर सेन्सर लागतो. ऑनसेट कंपनीच्या होबो मालिकेत दोन्ही एकत्र असलेला लॉगर मिळतो. पीआयआरला माणसाची हालचाल दिसते, माणूस नाही. पेपर लिहिणारा मुलगा स्थिर बसला की त्याच्या लेखी खोली रिकामी! म्हणून शेवटच्या हालचालीनंतर १५ मिनिटं तरी खोली भरलेली धरा.

घरी बनवायचा असेल तर

ईएसपी३२ बोर्ड, बीएच१७५० प्रकाश सेन्सर, पीआयआर आणि डीएस३२३१ घड्याळ एवढं पुरतं. सेन्सरचं तोंड ट्यूबकडे, खिडकीकडे नको. भर दुपारी दिवा लावून आणि बंद करून दोन्ही आकडे बघा, मर्यादा त्यांच्या मधली ठेवा.

आपल्याकडे खरी गडबड लाइट गेल्यावर होते. लॉगर ‘दिवा बंद’ लिहितो आणि आपल्याला वाटतं कोणीतरी आठवणीने बंद केला. मराठीत वीज गेली तरी ‘लाइट गेली’ आणि दिवा विझला तरी ‘लाइट गेली’. लॉगरला मात्र दोन वेगळे कॉलम द्यावे लागतात. बोर्ड बॅटरीवर चालवा आणि सॉकेटमध्ये एक जुना चार्जर लावून वीज आहे की नाही ते वाचा. चार्जरचे ५ व्होल्ट थेट पिनला देऊ नका. ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची असते, दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करा.

डबी लावण्याआधी खोलीत बसणाऱ्यांना सांगा. कोण कधी आलं-गेलं याचा अंदाजही त्याच फाइलमधून निघतो, आणि शिपाईकाकांना वाटायला नको की ही आपल्यावर पाळत आहे.