धुऱ्याचे भांडण आणि झेंड्यांचा उत्सव : दिवाडी बेटाची गोष्ट

१/ हिंगणघाट तालुक्यातील वडनेर असो वा गोव्यातील दिवाडी, शेतकऱ्यांची भांडणे बहुधा धुऱ्यावरून पेटतात. वीतभर जमिनीसाठी भाऊ भावाशी बोलेनासा होतो. मांडवी नदीतील दिवाडी या लहानशा बेटावर मात्र अशाच एका सीमावादाचा पुढे उत्सव झाला. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या त्या उत्सवाचे नाव बोंदेरा.

२/ दिवाडी जुन्या गोव्याच्या अगदी समोर आहे. बेटावर जाण्यासाठी आजही फेरीबोटीत बसावे लागते. अफोंसो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा जिंकला, तेव्हा तिसवाडी प्रदेशाबरोबर हे बेटही पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता १९६१ मध्ये संपली. म्हणजे दिवाडीने साडेचार शतके परकीय अंमल पाहिला.

३/ येथील वाद समजण्यासाठी आधी येथील जमीन समजली पाहिजे. बेटाच्या सखल भागात खाजन शेते आहेत. नदीला भरती आली की खारे पाणी आत शिरू पाहते, म्हणून शेतांभोवती मातीचे बांध घातलेले असतात. बांधातील ‘मानस’ नावाच्या दारातून पाण्याची ये-जा नियंत्रित केली जाते. बांधाला एके ठिकाणी भगदाड पडले, तरी साऱ्या गावाचे भात खारावते.

४/ एवढे मोठे काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हते. ते गावकरी ही संस्था करी. मूळ वसाहत करणाऱ्या कुळांचे वंशज, म्हणजे गावकार, गावची जमीन सामाईक मालकीने सांभाळत. शेते लिलावाने कसायला देत, बांध दुरुस्त करत आणि खर्च भागवून उरलेले उत्पन्न वाटून घेत. पोर्तुगिजांनी ही व्यवस्था मोडली नाही, कारण महसूल तिच्यातूनच मिळत होता. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने गावकऱ्यांचे रीतिरिवाज ‘फोराल’ नावाच्या सनदेत नोंदवून घेतले. पुढे या संस्थांना ‘कोमुनिदाद’ म्हणू लागले.

५/ जमीन सामाईक असली, म्हणजे सीमेचा तंटाही सामाईक होतो. वाद दोन घरांत राहत नाही, दोन वाड्यांत पेटतो. दिवाडीची लोकपरंपरा सांगते की, बेटावरील वाड्यांमध्ये हद्दीवरून वारंवार हाणामाऱ्या होत आणि त्यात जीवही जात. अखेर पोर्तुगीज प्रशासनाने हद्दीवर निरनिराळ्या देशांचे झेंडे रोवले. विरोधी गटाचे लोक येऊन तेच झेंडे पाडू लागले. ‘बोंदेरा’ हे नाव ‘बांदेइरा’ या पोर्तुगीज शब्दावरून आले. त्याचा अर्थच झेंडा.

६/ आज ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावर बोंदेरा साजरा होतो. हे दिवस साधारण श्रावणाचे. विदर्भात पोळ्याची तयारी चालू असते, तेव्हा इकडे वाड्यावाड्यांतून झेंडे आणि चित्ररथ निघतात. बँडच्या तालावर मिरवणूक चालते. मग दोन पक्षांत लुटुपुटीचे युद्ध होते. त्यातले शस्त्र म्हणजे ‘फोटाश’, बांबूच्या पोकळ नळीची खेळण्यातली बंदूक. तिच्यात गोळी म्हणून तेफळे, म्हणजे तिरफळे घालतात. एके काळी डोकी फुटत होती, तेथे आता माशांच्या कालवणात पडणारे फळ अंगावर येऊन आपटते.

७/ या खेळाला एक गंभीर बाजू आहे. हद्द ठरवण्याचा अधिकार सत्तेने स्वतःकडे घेतला आणि त्याची खूण म्हणून झेंडा उभा केला. बेटवासीयांनी तीच खूण उचलून मिरवणुकीत नाचवली. भांडणाची आठवण त्यांनी पुसली नाही, पण तिची धार काढून घेतली. वाड्यांमधील चुरस आजही टिकून आहे. फरक इतकाच, की कोणाचा चित्ररथ सरस यावरून ती चालते.

८/ परंतु दिवाडीवरील प्रत्येक सीमा अशी खेळात विरघळली नाही. बेटाच्या उत्तर टोकाला नार्वे आहे. तेथे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्य दैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे मंदिर होते. कदंबांच्या नाण्यांवर या देवाचे नाव कोरलेले आढळते. १४व्या शतकात बहमनी आक्रमणात मंदिर उद्ध्वस्त झाले. विजयनगरच्या अमलात माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. १५४० च्या सुमारास पोर्तुगिजांनी तिसवाडीतील मंदिरे पाडली, त्यात हेही गेले.

९/ भाविकांनी शिवलिंग नदीपलीकडे डिचोली भागात नेले. तेथे पोर्तुगिजांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता. नव्या जागेलाही नार्वे हेच नाव मिळाले, त्यामुळे आज नदीच्या दोन्ही तीरांवर नार्वे आहे. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथील मंदिराचा जीर्णोद्धार झाला. तसा शिलालेख मंदिरावर आहे. अलीकडे गोवा शासनाने या मंदिराची दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले.

१०/ देव गेला, पण नदी दोन्ही तीरांची राहिली. दिवाडीजवळच्या पवित्र संगमावर स्नान करण्याची प्रथा फार जुनी होती. पोर्तुगीज काळात बेटावर तिला बंदी झाली, तेव्हा यात्रा पलीकडच्या काठावर भरू लागली. गोकुळाष्टमीला डिचोलीकडील नार्वे येथे आजही लोक स्नानासाठी जमतात. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोलीही पोर्तुगिजांकडे गेली. तोवर दोन शतकांहून अधिक काळ ही नदी दोन राजवटींची सीमा होती. भाविक आपल्या काठावरून पाण्यात उतरत आणि समोर जुन्या तीर्थाचे बेट दिसत असे.

११/ बेटावर जुन्या काळाच्या खुणा उरल्या आहेत. जुन्या नार्व्यात कोटितीर्थ नावाचे तळे आहे. टेकडीवर १८व्या शतकाच्या आरंभी बांधलेले पिएदादचे चर्च उभे आहे आणि शेजारच्या दफनभूमीतील चॅपेलमध्ये कदंबकालीन मंदिराचे कोरीव दगड दिसतात. ज्या कुळांनी येथे शेती केली, त्यांतील अनेकांचा धर्म बदलला. काही बेट सोडून गेली. बांध, मानस आणि गावकरी मात्र कायम राहिली.

१२/ ऑगस्टच्या आसपासच्या दिवसांत, एकाच नदीवर, हे दोन उत्सव येतात. एकात शेजाऱ्यांनी आपसांतील हद्द हसण्यावारी नेली, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना एकाच बांधावर माती टाकायची होती. दुसऱ्यात सत्तेने आखलेली हद्द लोकांना पुसता आली नाही. मग त्यांनी पलीकडचा काठ धरला आणि तिथूनच त्या पाण्याशी नाते राखले. नार्व्याची फेरीबोट आज हे अंतर काही मिनिटांत पार करते.