भट्टी कुणाची? थंडीतल्या खाऊची गोष्ट

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. नाताळ आणि संक्रांत तोंडावर आलीय, ऑर्डरी घ्यायच्या का? नानकटाई, केक, तिळाच्या वड्या, गुळपोळ्या करायच्या, की दिवाळीत दमलो तेवढं पुरे? मग कुणीतरी म्हणतं, "केक-बिस्किट आपलं काम नाही, ते बेकरीवाल्याचं." आज आपण या एका वाक्याबद्दल बोलू. भाजण्याचं काम आपलं नाही, हे कधी ठरलं आणि कुणी ठरवलं?

आपल्या जिल्ह्यातल्या चुलीपासूनच सुरुवात करू. बागलाण, कळवण, मालेगावकडच्या बाया खापरावर मांडे करतात. उलट्या खापराखाली जाळ असतो आणि हातावर फिरवून फिरवून मोठी केलेली पुरणाची पोळी त्यावर अलगद टाकायची असते. हे काम येरागबाळ्याचं नाही. खानदेशात बट्टी आहे, विदर्भात गोवरीच्या आरात भाजलेले रोडगे आहेत. आच किती, गोवरी कधी फुलली, राख कधी झटकायची, हे सगळं घड्याळाशिवाय कळणाऱ्या बाया आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. तेव्हा भाजणं आपल्याला नवं नाही. नवी होती ती बंद भट्टी, आणि पीठ फुगवून केलेला पाव.

पाव हा शब्दच पोर्तुगीज. नाताळ हा शब्दही तिकडूनच आला. पोर्तुगीज गोव्यात आले, 1534 मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. या दोनशे वर्षांत किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरांत पुष्कळ काही मिसळलं. गोव्यात खमीर म्हणून माडाची माडी वापरून पाव फुगवत. म्हणजे भट्टी परक्यांची, पण पीठ फुगवणारी वस्तू आपल्या माडावरची. खाऊचंही तसंच झालं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला ज्या नेवऱ्या होतात, त्या म्हणजे आपल्या करंज्याच. फणीवर दाबून वळलेले कुलकुल पाहिले तर शंकरपाळ्याचं भावंडं वाटतील. मुंबई-वसईकडे ख्रिस्ती घरांत आंबवलेल्या पिठाच्या फुग्या तळतात.

नाशिक समुद्रापासून लांब. इथे पाव-बिस्किटं आली ती छावणी आणि रेल्वेच्या वाटेने. 1860 च्या दशकात देवळालीला गोऱ्या फौजेची छावणी वसली. त्याच सुमारास थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला आणि पुढे नाशिकला पोचली. इगतपुरीत रेल्वेच्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नोकरदारांची वस्ती झाली, चर्च उभं राहिलं. सोल्जरला पाव लागे, रेल्वेवाल्याला चहाबरोबर बिस्किट लागे. असा मोठा जाळ आणि मोठी भट्टी ज्यांच्याकडे, त्यांच्याकडे धंदा गेला. घरातली चूल बाईची राहिली आणि पैशाची भट्टी पुरुषांची झाली.

आपल्या गावात आणखी एक जागा आहे, तिचं नाव आपण रोज घेतो. शरणपूर रोड. 1850 च्या दशकात विल्यम प्राइस नावाच्या मिशनऱ्यांनी नाशिकच्या वेशीबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. शरण आलेल्यांचं गाव, असं नाव. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलंही इथे शिकली. त्यांना लिहिणं-वाचणं आणि हातातले उद्योग शिकवत. त्यातला जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टन या प्रवाशाबरोबर आफ्रिकेत होता, आणि 1874 मध्ये लंडनला त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत उभा होता. नाशिकच्या शाळेतला मुलगा वेस्टमिन्स्टर ॲबीत! आपल्या गावाचा इतिहास मंदिर-घाटांइतकाच या वस्तीचाही आहे.

नाशिक आणि नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी काय चालतं, हे ज्यांच्या शेजारी अशी घरं आहेत त्यांना माहीत आहे. चकलीचं पीठ मळलं जातं, चिवडा होतो, करंज्या, शंकरपाळे, अनारसे होतात. त्याला फराळच म्हणतात. केक असतो, पण तो फराळाच्या ताटात एका बाजूला. आपल्याकडची दिवाळीची ताटं त्यांच्याकडे जातात आणि दीड-दोन महिन्यांनी नाताळची ताटं आपल्याकडे येतात. रिकामं ताट परत द्यायचं नसतं, हा नियम दोन्हीकडे एकच. ही रीत कुठल्या पुढाऱ्याने सुरू केली नाही. ती बायांनी कुंपणावरून चालवली आणि अजूनही चालवतात. आपल्या जलालपूरच्या माहेरवाशीण लक्ष्मीबाई टिळक यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं, म्हणून त्या काळचं घर, पंगत, शिवाशीव आणि ती कशी हळूहळू गळून पडली, हे आपल्याला वाचायला मिळतं. शाळेत न गेलेल्या बाईने लिहिलं, म्हणून टिकलं. ज्यांनी लिहिलं नाही त्यांचं नुसतं चवीत उरलं.

आता नानकटाईकडे येऊ. ही मूळची सुरतेची. तिथे डच व्यापाऱ्यांसाठी भट्टी होती, ते गेल्यावर ती दोटीवाला नावाच्या पारशी कुटुंबाकडे आली आणि तिथून ही खुसखुशीत बिस्किटं पसरली, अशी हकीकत सांगतात. नान म्हणजे फारशीत रोटी. सुरतेहून मुंबई, मुंबईहून आपल्याकडे. 1937 मध्ये डालडा बाजारात आला. साजूक तूप ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्याही घरी मग नानकटाई होऊ लागली. तो पिवळा, झाडाचं चित्र असलेला डबा पुढे वर्षानुवर्षं डाळी ठेवायला आणि तुळस लावायला वापरला गेला.

आणि मग ती रीत आली, जी तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकीला आठवत असेल. सणाच्या आधी किंवा सुट्टीत मैदा, रवा, तूप, पिठीसाखर घरून न्यायची, बेकरीत आपला नंबर लागेपर्यंत बसायचं, पीठ डोळ्यांसमोर मळून घ्यायचं, पत्र्यांवर गोळे मांडायचे. भट्टीतून पत्रे बाहेर आले की बिस्किटं गार होईपर्यंत पुन्हा थांबायचं आणि डबे भरून घरी यायचं. किलोमागे मजुरी बेकरीवाल्याला. काही बाया चाळीस-चाळीस मैलांवरच्या लेकीसाठी वेगळा डबा बांधत. बेकरीच्या ओट्यावर बसलेल्या बायांत तुपाचं प्रमाण, सुनेची तक्रार, मुलीचं स्थळ सगळ्याची देवाणघेवाण होई. बेकरीवाल्याने कष्ट केले आणि त्याची मजुरी घेतली, त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण हिशोब नीट बघा. माल बाईचा, प्रमाण बाईचं, गोळे वळणारे हात बाईचे. पैसे मिळाले ते ज्याच्याकडे भट्टी होती त्याला.

सगळीच वर्षं गोडाची नव्हती. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरही साखर-धान्यावर रेशन होतं. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायांना कामावर सुकडी मिळायची. परदेशातून आलेला लाल मिलो दळून भाकरी थापायची, ती थापता थापता तुटायची. त्या वर्षी लहान असलेल्या बाया आज आजी आहेत. त्यांना विचारलं की सांगतात, संक्रांतीला गुळाचा खडा आणि चार तीळ हातावर ठेवले, तेवढाच सण झाला. खाऊचा इतिहास सांगताना ही वर्षं गाळू नयेत. नातवंडांनी केक अर्धा टाकून दिला की आजीला राग का येतो, ते यातून कळतं.

आपल्याच जिल्ह्यात खाऊने केवढा धंदा उभा केला तेही ऐका. मालेगाव तालुक्यात रावळगावला वालचंद हिराचंद यांनी 1933 मध्ये साखरेचा उद्योग सुरू केला आणि पुढच्या दशकात तिथे गोळ्या-चॉकलेटं तयार होऊ लागली. रावळगावची गोळी खाल्ली नाही असं मूल महाराष्ट्रात विरळाच. 2024 मध्ये त्या गोळ्यांची नावं, त्यांची कृती आणि हक्क 27 कोटी रुपयांना एका मोठ्या कंपनीने विकत घेतले. कारखान्याची जमीन नाही, यंत्रं नाहीत, नुसती नावं आणि कृती. कृतीला किंमत असते ती अशी. आपल्या आजीची अनारशाची कृती आपण फुकट सांगून टाकतो, आणि सांगावीही. पण तिला किंमत आहे हे माहीत असून सांगावी.

कृती लिहून ठेवणाऱ्या बायाही होऊन गेल्या. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र' 1910 मध्ये निघालं, त्यात एक हजार पाकक्रिया. 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. कमलाबाई चौथीपर्यंतच शिकलेल्या. त्यांनी शेर-छटाक बाजूला ठेवून वाटी आणि चमचा हे माप धरलं. जिच्या घरी तराजू नाही तिलाही करता आलं पाहिजे, हे त्यात आलं. आमच्या गटांत आजही नानकटाई याच भाषेत सांगितली जाते. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा. तूप-साखर हलकी होईपर्यंत फेटायची, मग मैदा मिसळायचा. त्यातला थोडा मैदा कमी करून बेसन घातलं की खमंग वास येतो.

थंडीतला एक खाऊ मात्र कायम बाईच्याच हातात राहिला, तो म्हणजे संक्रांतीचा काटेरी हलवा. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, त्यावर चमचा-चमचा पाक, आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. कोरडी थंडी असेल तर काटा सुंदर येतो, आभाळ आलं की बिघडतो. या कामाला दिवसच्या दिवस जातात, बोटं भाजतात. नव्या सुनेच्या आणि बोरन्हाणाच्या बाळाच्या अंगावरचे हलव्याचे दागिने बघून सगळे कौतुक करतात. ते करणाऱ्या बाईच्या तासांचे पैसे फार क्वचित कुणी मोजतं.

म्हणून तासांचा हिशोब करून बघू. समजा तीन किलो नानकटाई केली. सामान 300 रुपये, वीज किंवा भट्टीचे 80, डबे 40. झाले 420. बऱ्याच जणी इथेच थांबतात आणि 140 रुपये किलो खर्च आला असं म्हणतात. पण दोघी तीन-तीन तास राबल्या, ते सहा तास. तासाला 50 रुपये धरले तर 300. खरा खर्च 720, म्हणजे किलोला 240. भाव 180 ठेवला तर आपल्याला वाटतं नफा झाला, आणि खरं तर आपण आपली मजुरी गिऱ्हाइकाला दान केलेली असते. बेकरीवाल्याने मजुरी कधी सोडली नव्हती. आपण का सोडावी?

आता भट्टीचं. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्या कुकरच्या तळाला मीठ किंवा वाळूचा थर घालतात, शिट्टी आणि रिंग काढून ठेवतात, आत पाणी घालत नाहीत आणि मंद आचेवर केक करतात. घरापुरतं ते छान आहे. विकायचं असेल तर गटाने मिळून ओव्हन घ्यावा, अन्नसुरक्षेची नोंदणी करावी, डब्यावर गटाचं नाव, केल्याची तारीख आणि आत काय काय आहे ते लिहावं. ओव्हन कुणा एकीच्या नवऱ्याच्या नावावर नको. बिल गटाच्या नावाचं असावं आणि त्याची नोंद गटाच्या वहीत व्हावी.

आणि केक करायचाच तर तो आपल्या मातीचा करू. निफाड, दिंडोरी, पिंपळगावची द्राक्षं जगभर जातात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत वाळलेला बेदाणा डिसेंबरला केकमध्ये घालता येतो. त्याच डिसेंबरात निफाडला पारा इतका उतरतो की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून रात्र जागावी लागते. बागेत खुडणीला, विरळणीला जाणाऱ्या बाया आपल्याच गटांत आहेत. त्यांच्या हाताखालून गेलेलं फळ त्यांच्याच भट्टीत जावं, एवढी आमची इच्छा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला दोन गोष्टी विचारून याव्यात. थंडीत तुमच्या लहानपणी काय खाऊ व्हायचा, आणि तो कुठल्या जाळावर व्हायचा? सांगणारीचं नाव, गाव आणि माप वहीत लिहू. मग ओव्हनच्या वर्गणीचं ठरवू.