तेल, तूप आणि धुपाटणे

१९९५ साली वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आणि आमच्या घरातील वरणभातावरची तुपाची धार कायमची थांबली. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आईने तुपाचे भांडे फडताळाच्या वरच्या खणात ठेवून दिले. मात्र त्याच वर्षीच्या दिवाळीत शंकरपाळ्यांना मोहन वनस्पती तुपाचे होते, करंज्या त्यातच तळल्या होत्या, आणि ते वडिलांना वाढताना कोणाचाही हात थबकला नाही. 'हे काही खरे तूप नव्हे', एवढेच त्याच्या निर्दोषत्वाचे प्रमाण आम्हाला पुरेसे वाटले. पुढे या विषयाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आले, की ही चूक एकट्या आमच्या घराची नव्हती.

कोलेस्टेरॉल हा शब्द मुळात पित्ताशी निगडित आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पित्ताशयातील खड्यांत हा मेणासारखा पदार्थ सापडला. पुढच्या शतकाच्या आरंभी शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने 'पित्त' आणि 'घन' या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून त्याचे नामकरण केले. तोवर त्याच्यावर कसलाही आरोप नव्हता. पेशींची आवरणे, काही संप्रेरके आणि खुद्द पित्त घडवण्यासाठी तो शरीराला लागतोच, आणि त्यातील बराचसा शरीर स्वतःच तयार करते. आरोप आला तो १९१३ साली. रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्यांत थर साचल्याचे दाखवले. रक्तातील कोलेस्टेरॉल आणि धमन्यांचा विकार यांचे नाते पुढे खरे ठरले. परंतु ससा हा शाकाहारी प्राणी. त्याच्या ताटावरून माणसाच्या ताटाविषयी बोलणे तितके सरळ नव्हते.

१९५०च्या दशकात मिनेसोटातील अँसेल कीज यांनी हा फरक स्पष्ट केला. अन्नातील कोलेस्टेरॉलपेक्षा लोणी आणि मांसातील संपृक्त स्निग्धांश रक्तातील कोलेस्टेरॉल अधिक वाढवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६१च्या जानेवारीत 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. प्राणिज स्निग्धाऐवजी वनस्पतिजन्य तेले वापरावीत, हा सल्ला तेव्हापासून रुजत गेला.

आपल्याकडे मात्र 'वनस्पती' या शब्दाला वेगळाच अर्थ आधीपासून चिकटला होता. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली मिळवले. १९३७ साली 'डालडा' भारतात आला आणि ताडाचे झाड मिरवणारा त्याचा पिवळा डबा घराघरांत पोचला. डबा रिकामा झाला तरी त्यात धान्य राही, तुळस लागे. गांधीजींनी वनस्पती तुपाला विरोध केला होता. तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालणे कायद्याने बंधनकारक झाले. तिळाच्या तेलाची ओळख रासायनिक चाचणीत रंगावरून पटे. वाचकांच्या ध्यानात येईल, की हा वाद प्रामुख्याने खऱ्या-खोट्याचा होता. हा पदार्थ रक्तात काय करतो, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

त्याचे स्पष्ट उत्तर १९९० साली नेदरलँड्समधून आले. मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवले, की या प्रक्रियेत तयार होणारा ट्रान्स स्निग्धांश रक्तातील घातक एलडीएल वाढवतो आणि हितकर मानले जाणारे एचडीएल घटवतो. म्हणजे वडिलांच्या पुढ्यातले ताट साजूक तुपाच्या ताटापेक्षा वाईट होते, आणि आमच्या त्या दिवाळीपूर्वी पाच वर्षे हे छापून आले होते.

याचा अर्थ तुपाला अमृत ठरवावे असा नव्हे, जरी हल्ली तसे ठरवण्याची हौस बरीच दिसते. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली रेल्वे कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दूधतूप भरपूर खाणाऱ्या उत्तरेकडील कर्मचाऱ्यांत हृदयविकार दक्षिणेपेक्षा पुष्कळच कमी आढळला. तुपाचे कैवारी हा दाखला आवर्जून देतात. पण दोन्हीकडचे राहणीमान, श्रम आणि जेवणाची रीत वेगळी होती, हे विसरतात. तुपातील निम्म्याहून अधिक स्निग्धांश संपृक्त असतो. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते रक्तातील एलडीएल उचलून घेणाऱ्या, पेशींवरच्या ग्राहकांच्या शोधाशी निगडित कार्यासाठी. संपृक्त स्निग्धांश यकृतातील या ग्राहकांचे काम मंदावतो. त्यातला काही भाग शेंगदाणा किंवा तिळाच्या तेलाने भरून काढला, तर एलडीएल उतरते. मैदा आणि साखरेने भरून काढला, तर फारसे काही साधत नाही. डाळी, कडधान्ये, इसबगोल यांतील विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून बाहेर नेतात आणि नवे पित्त घडवण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल खेचून घेते. शब्द जिथून निघाला होता, त्या पित्ताशीच उपाय असा येऊन मिळतो.

दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा अमेरिकेच्या आहारसूत्रांनी २०१५च्या आवृत्तीतून वगळली. भारतात तेले आणि स्निग्ध पदार्थांतील औद्योगिक ट्रान्स स्निग्धांशावर २ टक्क्यांची मर्यादा २०२२च्या जानेवारीपासून लागू झाली. विज्ञानाने आपली चूक दुरुस्त केली, त्याला काळ लागला इतकेच.

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. शब्दामागची वस्तू तपासून पाहा, असे विद्यार्थ्यांना वर्गात सांगतो. घरात मात्र 'वनस्पती' हा शब्द तसाच गिळला. वडील त्यानंतर सहा वर्षे जगले. वरणभात कालवताना ते एकदा फडताळाकडे पाहत आणि काही न बोलता जेवत. तेलही गेले, तूपही गेले, ही म्हण आम्ही मूर्खाची म्हणून शिकत आलो. त्या वर्षी धुपाटणे आमच्याच हाती होते.